पातळ रक्ताचा भ्रम

चिकोडी तालुक्यातील मनुष्य मोठ्या दुखण्याने अंथरुणास खिळला, म्हणजे त्याच्या घरच्यांपुढे पूर्वापार दोन वाटा असत. एक दक्षिणेकडे बेळगावास जाणारी आणि दुसरी उत्तरेकडे मिरजेस जाणारी. गावापासून बरेच दूर असूनही गावाचेच नाव धारण करणारे ‘चिकोडी रोड’ हे स्थानक मिरज-बेळगाव लोहमार्गावर आहे. मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उभारले, तेव्हापासून चिकोडी, निपाणी, रायबाग या भागांतील कित्येक पिढ्यांनी ‘मिरजेला नेले’ हे शब्द भीतीने आणि आशेने उच्चारले आहेत. बेळगावास कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीने १९६३ साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय काढले आणि दुसरी वाटही रुळली. मध्यंतरी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आजाऱ्याच्या गाडीने मात्र ही नवी सीमा कधी फारशी जुमानली नाही.

या दोन्ही वाटांवरून जाणाऱ्या आजाऱ्यांत एक प्रकार सर्वांच्या चांगल्या परिचयाचा आहे. हातपाय काटकीसारखे वाळलेले, पोट मात्र घागरीसारखे फुगलेले, डोळ्यांत पिवळी झाक, पायांवर सूज. गावचे लोक ‘पोटात पाणी झाले’ म्हणतात. वैद्य जलोदर म्हणतात. डॉक्टर त्याच्या मुळाशी असलेल्या रोगाचे नाव सांगतात, ते सिरॉसिस, म्हणजे यकृताचा सूत्रणरोग. या रोगात यकृताच्या मऊ पेशी मरत जातात, त्यांच्या जागी चिवट तंतूंचे जाळे विणले जाते आणि उरल्यासुरल्या पेशी त्या जाळ्यात गाठीगाठींनी अडकून पडतात. अशा माणसाच्या रक्ताविषयी वैद्यकशास्त्राने सुमारे सत्तर वर्षे एक समजूत बाळगली आणि ती समजूत पुढे चुकीची ठरली. ती कशी जडली, कशी ढळली आणि तिच्यापायी काय काय घडले, हा इतिहास केवळ डॉक्टरांपुरता राखून ठेवण्याजोगा नाही.

मराठी भाषेने यकृताला मोठा मान दिला आहे, पण तो काहीशा गोंधळाने दिला आहे. खाटकाच्या दुकानात काळीज मागितले तर यकृत मिळते, आणि कवितेत काळीज म्हटले की हृदय समजायचे असते. माया, धैर्य आणि दुःख यांचे स्थान म्हणून आपण ज्याचा उल्लेख करतो, त्याने हृदयाशी वाटणी करून घेतलेली आहे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहता या वाटणीत अगदीच अन्याय नाही. हृदय रक्त ढकलते. त्या रक्तात काय असावे आणि काय नसावे हे पुष्कळ अंशी यकृत ठरवते.

प्राचीन भारतीय वैद्यांना या रोगाचे बाह्य रूप पूर्ण ठाऊक होते. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही उदररोगाचे आठ प्रकार सांगितले असून त्यांत प्लीहोदर आणि त्याच्याच जातीचे यकृद्दाल्युदर यांचा अंतर्भाव आहे. यकृत आणि प्लीहा यांची एकत्र दखल घेण्यात त्यांनी दाखविलेली सूक्ष्म दृष्टी आजही आदर वाटायला लावते, कारण यकृत आवळले गेले की रक्त मागे तुंबते आणि प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, फुगते. सुश्रुताने पोटातील पाणी काढण्याची क्रिया वर्णिली आहे. व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने छिद्र पाडावे, नळी बसवावी, सगळे पाणी एकाच दिवशी काढू नये आणि नंतर पोट कापडाने घट्ट आवळून बांधावे, असे तो बजावतो. एकदम पाणी काढले असता रोगी कोसळतो, हे त्याने पाहिले असले पाहिजे. आज याच धोक्यासाठी डॉक्टर शिरेतून अल्ब्युमिन देतात.

युरोपात या रोगास आजचे नाव मिळाले ते १८१९ साली. स्टेथोस्कोपचा जनक फ्रेंच वैद्य लायनेक याने छातीच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात जाता जाता, एका तळटीपेत, यकृताच्या या विकाराला ‘सिरॉसिस’ म्हटले. पिवळसर तपकिरी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने हे नाव घडविले होते; शवविच्छेदनात दिसलेला रंग त्याच्या डोळ्यांत भरला होता. फुप्फुसांचा आवाज ऐकण्यासाठी प्रसिद्धी पावलेल्या माणसाने यकृताच्या रोगाचे बारसे करावे, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल.

हा रोग केवळ दारूमुळे होतो, हा समज जितका दृढ आहे तितकाच अपुरा आहे. दारू हे मोठे कारण आहे, यात संशय नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच असल्याने चिकोडीलाही तो लागू होता. पण ‘ब’ आणि ‘क’ या प्रकारांच्या विषाणूजन्य काविळी, आणि अलीकडे स्थूलपणा व मधुमेह यांच्या सोबतीने येणारी यकृतातील चरबी, यांनीही पुष्कळ यकृते निकामी केली आहेत. पुण्याचे एक उदाहरण तर विसरता येण्यासारखे नाही. भारतीय बालकांत आढळणारा एक विशिष्ट सिरॉसिस कित्येक दशके लहानग्यांचे बळी घेत होता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्याने त्याचा मागोवा घेतला आणि १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून तांब्यापितळेच्या भांड्यांत तापविलेल्या व ठेवलेल्या दुधाकडे बोट दाखविले. दुधातील तांबे बाळाच्या यकृतात साठत होते. स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघरात प्रवेश केला, पितळी भांडी फळीवर गेली आणि तो रोग आता क्वचित दिसतो. दारूचा थेंबही न शिवलेल्या तान्ह्या बाळांना सिरॉसिस झाला होता. तेव्हा या आजाऱ्याकडे पाहताना त्याच्या वर्तनाविषयी घाईने निकाल देणाऱ्यांनी थोडे थांबलेले बरे.

आता रक्ताकडे वळावयास हवे. रक्त गोठण्यासाठी लागणारी बहुतेक द्रव्ये यकृतात तयार होतात. फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन आणि त्यांच्या साखळीतील इतर अनेक घटकांचा हा कारखाना आहे. कारखाना मोडकळीस आला की माल कमी पडणार हे उघड आहे. त्यातच फुगलेली प्लीहा रक्तातील बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, अडवून ठेवते. सिरॉसिसचा आजारी म्हणूनच सहज रक्तस्राव होणारा दिसतो. हिरड्यांतून रक्त येते, अंगावर काळेनिळे डाग उमटतात आणि सर्वांत भयंकर म्हणजे अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून तो एकाएकी रक्ताची उलटी करतो. ज्या घरात हा प्रसंग घडला त्या घरातील माणसे तो आयुष्यभर विसरत नाहीत.

या दुर्बलतेचे मोजमाप करण्याची सोय अमेरिकन वैद्य आर्मंड क्विक यांनी १९३५ साली करून दिली. काचेच्या नळीत रुग्णाच्या रक्तातील द्रव घ्यावयाचा, त्यात गोठण क्रिया सुरू करणारे द्रव्य घालावयाचे आणि गोठण्यास किती सेकंद लागतात ते मोजावयाचे. यालाच प्रोथ्रॉम्बिन टाइम म्हणतात. ही तपासणी क्विक यांनी आरंभीच काविळीच्या रोग्यांवर वापरून पाहिली होती. त्याच सुमारास कोपनहेगनचे हेन्रिक डॅम कोंबडीच्या पिलांतील रक्तस्रावाचा शोध घेत ‘के’ जीवनसत्त्वापर्यंत पोहोचले आणि ते दिल्याने काविळीच्या कित्येक रोग्यांचा रक्तस्राव थांबतो असा अनुभव आला. १९४३ चे नोबेल पारितोषिक डॅम आणि डॉइझी यांना मिळाले. यकृत बिघडले की रक्त ‘पातळ’ होते, आणि किती पातळ झाले हे नळीत मोजता येते, हा विचार येथून वैद्यकाच्या मनात पक्का बसला.

याच काळात रक्त मुद्दाम पातळ करणारी औषधेही हाती आली, आणि त्यांचा इतिहास शेतकऱ्याला विशेष जवळचा वाटेल असा आहे. १९२० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेच्या थंड प्रांतांत गुरे एका गूढ रोगाने मरू लागली. शिंगे कापली की रक्त थांबेना. बुरशी धरलेली स्वीट क्लोव्हर नावाची वैरण खाल्ल्याचा तो परिणाम होता. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले, न गोठणारे रक्त घेऊन मॅडिसन येथील कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत येऊन थडकला. काही वर्षांच्या खटपटीने लिंक यांनी त्या वैरणीतील विष वेगळे केले. त्याचेच भावंड असलेले वॉर्फरिन १९४८ पासून उंदीर मारण्यासाठी विकले गेले आणि १९५४ पासून माणसाला औषध म्हणून देण्यात येऊ लागले. चिकोडीच्या गोठ्यात ओली वैरण रचू नये हे म्हाताऱ्यांना ठाऊक असते. तशाच एका कुजक्या गंजीतून जगातील कोट्यवधी हृदयरोग्यांचे औषध निघाले.

दुसरे औषध तर यकृतातूनच आले. १९१६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी रक्त गोठविणारे द्रव्य शोधत असता कुत्र्याच्या यकृतातून काढलेल्या अर्कात त्याला नेमके उलटे, गोठू न देणारे द्रव्य सापडले. त्याचे गुरू हॉवेल यांनी १९१८ साली त्याला ‘हेपारिन’ असे यकृतवाचक नाव दिले. गोठविणारे आणि न गोठू देणारे अशी दोन्ही प्रकारची द्रव्ये यकृताशी संबंधित आहेत, ही सूचना त्या नावातच दडलेली होती. ती बराच काळ कोणी फारशी मनावर घेतली नाही.

उलटपक्षी, पातळ रक्ताच्या कल्पनेस बळ देणारी निरीक्षणे वाढत गेली. अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९१४ साली सिरॉसिसच्या रोग्याच्या रक्तात बनलेली गुठळी ठेवल्या ठेवल्या पुन्हा विरघळते असे नोंदविले होते. १९४९ साली ऑस्कर रॅटनॉफ यांनी त्याला दुजोरा दिला. मग सरळ तर्क असा झाला की, ज्याचे रक्त गोठतच नाही आणि गोठले तरी विरघळते, त्याला नको तेथे गुठळी होण्याचे भय कसले? निसर्गानेच त्याला रक्त पातळ करण्याचे औषध दिले आहे. पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, हे इतर रोग्यांचे संकट. सिरॉसिसवाला त्यातून सुटला. हा तर्क इतका सोपा, इतका सुबक होता की तो तपासून पाहण्याची गरज फार थोड्यांना भासली.

वास्तविक या तर्काविरुद्धचा पुरावा जुनाच होता. जर्मन पंडित रुडॉल्फ विर्चो यांनी १८५६ साली शिरांतील गुठळीचा सखोल विचार मांडला होता, आणि रक्ताचा संथ प्रवाह, वाहिनीच्या भिंतीस इजा व रक्ताच्या स्वभावात बदल ही तिची तीन कारणे आज त्यांच्याच नावाने शिकविली जातात. १८६९ साली एडिंबर्गच्या वैद्यकीय मासिकात बाल्फोर आणि स्ट्यूअर्ट यांनी पोर्टल नीलेत गुठळी झालेल्या, प्लीहा वाढलेल्या आणि जलोदर झालेल्या एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली होती.

ही पोर्टल नीला म्हणजे आतडी आणि प्लीहा यांच्याकडून रक्त गोळा करून यकृतात आणून सोडणारी मोठी शीर. यकृताला मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे तीनचतुर्थांश भाग हिच्यातूनच येतो. तिची अवस्था समजण्यासाठी दूधगंगेच्या काठच्या शेतकऱ्यास दूर जावे लागणार नाही. पाटाचे पाणी उसाच्या सरीत वेगाने शिरत असेल तोवर पाट स्वच्छ राहतो. सरीचे तोंड मातीने बुजत गेले की पाणी मागे तुंबते, संथ होते, बांध फोडून भलतीकडून वाहू लागते आणि तुंबलेल्या पाटात गाळ बसू लागतो. सिरॉसिसमध्ये यकृत हे तोंड बुजलेले शेत होय. बांध फोडून वाहणारे पाणी म्हणजे अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा. आणि पाटातला गाळ म्हणजे पोर्टल नीलेतील गुठळी. गाळ बसला की तुंबारा आणखी वाढतो. एकाच माणसात एका ठिकाणी रक्त वाहते म्हणून जीव जातो आणि दुसऱ्या ठिकाणी ते थिजते म्हणून जीव धोक्यात येतो, अशी ही अवघड गाठ आहे.

शस्त्रवैद्यांना या गाठीचा दारुण प्रत्यय १९६३ साली आला. अमेरिकेत डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च रोजी माणसात पहिले यकृतारोपण केले. रोगी तीन वर्षांचा बालक होता. रक्तस्राव आवरता आला नाही आणि तो शस्त्रक्रियेच्या मेजावरच गेला. पुढच्या रोग्यांच्या बाबतीत तेच पुन्हा घडू नये म्हणून रक्त गोठण्यास साहाय्य करणारी द्रव्ये सढळ हाताने देण्यात आली. रक्तस्राव आटोक्यात आला. पण शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त वळविण्यासाठी लावलेल्या नळ्यांत गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसांत पोहोचल्या. दुसरा रोगी बावीस दिवस जगला. त्या वर्षीचा एकही रोगी महिनाभर वाचला नाही, आणि स्टार्झल यांनी १९६७ पर्यंत हे काम थांबविले. यकृताच्या रोग्याचे रक्त केवळ पातळ नसते, ते दोन्ही बाजूंनी कलंडू शकते, हा धडा तेथे जिवाच्या मोलाने लिहिला गेला होता. तरीही सर्वसाधारण रुग्णालयांत जुनीच समजूत आणखी चाळीस वर्षे नांदली, याचे नवल करावे तेवढे थोडे.

तिला आधार मिळत होता तो क्विक यांच्याच तपासणीचा. १९६४ साली चाइल्ड व टर्कॉट यांनी आणि १९७३ साली लंडनच्या प्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिरॉसिसची तीव्रता अ, ब, क अशा तीन वर्गांत बसविली. प्यू यांच्या मांडणीत प्रोथ्रॉम्बिन टाइमला स्थान मिळाले. १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निकाल एका मापात यावेत म्हणून ‘आय. एन. आर.’ हा आकडा प्रचारात आणला. तो मुळात वॉर्फरिन घेणाऱ्यांसाठी बेतलेला होता. पण तो सोयीचा असल्यामुळे यकृताच्या रोग्यालाही लावण्यात येऊ लागला. यकृत किती थकले आहे हे सांगण्यास तो आकडा उपयोगी आहे, यात शंका नाही. चूक झाली ती त्याच आकड्यावरून रक्तस्रावाचे भविष्य वर्तविण्यात आणि गुठळीचे भय उडवून लावण्यात. शेरभर दूध मोजण्याच्या मापाने कापड मोजावे, असा तो प्रकार होता.

ही चूक नेमकी कोठे आहे हे मिलान येथील आर्मांदो त्रिपोदी आणि पिएर मानुच्ची यांनी २००५ साली दाखवून दिले. यकृत गोठविणारी द्रव्ये बनविते, तशीच गोठण आवरणारी द्रव्येही बनविते. प्रोटीन सी आणि अँटिथ्रॉम्बिन ही त्यांतील प्रमुख. यकृत दुबळे झाले की दोन्ही पलडी हलकी होतात. पण प्रोटीन सी कामास लागते ते रक्तवाहिनीच्या अस्तरावर असलेल्या थ्रॉम्बोमोड्युलिन नावाच्या द्रव्यामुळे. काचेच्या नळीला रक्तवाहिनीची भिंत नसते. त्यामुळे क्विक यांच्या तपासणीत तराजूचे एकच पलडे दिसते. मिलानच्या संशोधकांनी नळीत थ्रॉम्बोमोड्युलिन घातले, तेव्हा सिरॉसिसच्या रोग्यांचे रक्त निरोगी माणसांच्या रक्ताइतकेच थ्रॉम्बिन निर्माण करते असे आढळले. शिवाय यकृताच्या पेशींवर अवलंबून नसलेली काही गोठविणारी द्रव्ये, जसे आठवा घटक आणि फॉन विलेब्रँड घटक, या रोगात उलट वाढलेली असतात. हॉलंडमधील ग्रोनिंगेनचे लिस्मन आणि पोर्टे यांनी २०१० साली या सर्व स्थितीला ‘नव्याने साधलेला तोल’ अशा अर्थाचे नाव दिले. तराजू समतोल आहे, पण दोन्ही पलड्यांत वजन थोडे. म्हणून एखादा जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचा बिघाड किंवा शस्त्रक्रिया एवढ्याने तो कोणत्याही बाजूस झुकतो.

रुग्णालयांतील प्रत्यक्ष हिशेबही याच्याशी जुळला. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००६ साली दाखल झालेल्या सिरॉसिसच्या रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. सुमारे दोनशेंत एक दाखल रोगी पायाच्या किंवा फुप्फुसाच्या गुठळीने ग्रासला होता आणि वाढलेल्या आय. एन. आर.ने कोणास संरक्षण दिलेले दिसले नाही. डेन्मार्कमध्ये सबंध देशाच्या नोंदी तपासल्या गेल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सिरॉसिस असलेल्यांना अशा गुठळीचा धोका इतरांपेक्षा सुमारे पावणेदोनपट आढळला. निसर्गाने दिलेले म्हणून जे औषध मानले होते, ते कोठेच नव्हते.

पश्चिम भारतात या विषयाचे महत्त्वाचे काम मुंबईस झाले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची रक्तविषयक संस्था आहे. त्याच रुग्णालयाशी संलग्न सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. य. मो. भेंडे यांनी १९५२ साली जगाला ‘बॉम्बे रक्तगट’ दिला होता. या संस्थेतील दीपिका मोहंती, श्रीमती शेट्टी, कंजाक्ष घोष आणि रुग्णालयातील डॉ. फिलिप अब्राहम यांनी यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरांत व पोर्टल नीलेत गुठळी झालेल्या रोग्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. वंशपरंपरेने येणाऱ्या कारणांपैकी ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’ हा दोष त्यांना सर्वांत अधिक सापडला. हे रोगी मुख्यत्वे सिरॉसिसचे नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि यकृताच्या शिरांतील गुठळीमागे रक्ताचा जन्मजात स्वभावही असू शकतो, हे येथील माणसांच्या रक्तावरून सिद्ध झाले, आणि तरुण रोग्यात कारण शोधताना त्याचा उपयोग होतो.

मग प्रश्न उरतो तो भाकिताचा. कोणाच्या पोर्टल नीलेत गुठळी होणार, हे आधी कळेल काय? येथे पाटाचीच उपमा पुन्हा कामास येते, कारण प्रवाहाचा वेग मोजता येतो. ऑस्ट्रियाचे पदार्थवैज्ञानिक क्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेल्या तत्त्वावर चालणारी सोनोग्राफी शिरेतील रक्ताची गती सेकंदाला किती सेंटिमीटर ते सांगते. २००९ साली इटलीतील संशोधकांनी दाखविले की पोर्टल नीलेतील वेग सेकंदास १५ सेंटिमीटरच्या खाली गेलेल्या रोग्यांत पुढे गुठळीचे प्रमाण अधिक असते. बार्सिलोनाच्या २०२१ च्या अभ्यासात हाच संथ प्रवाह, त्याच्या जोडीला बिंबाणूंची कमी संख्या आणि पूर्वी कधी फुगलेल्या शिरांतून झालेला रक्तस्राव, ही तीन लक्षणे महत्त्वाची ठरली. गंमत अशी की, बिंबाणू कमी म्हणजे रक्तस्रावाचे भय, असे ज्या लक्षणावरून म्हणत असत तेच लक्षण येथे गुठळीची सूचना देते. त्याचा अर्थ एवढाच की, बिंबाणू कमी होणे ही तुंबाऱ्याची खूण आहे.

फ्रान्स आणि बेल्जियममधील १,२४३ रोग्यांच्या पाहणीत, जी २०१५ साली प्रसिद्ध झाली, पाच वर्षांत सुमारे शेकडा अकरा जणांच्या पोर्टल नीलेत गुठळी झाली. त्यांतील पुष्कळ गुठळ्या अर्धवट होत्या आणि काही आपोआप नाहीशाही झाल्या. गुठळीमुळे रोग बळावतो, की रोग बळावला म्हणून गुठळी होते, हा वाद या पाहणीने मिटविला नाही; किंबहुना त्या संशोधकांना गुठळी आणि रोगाची वाढ यांत थेट दुवा आढळला नाही. २०१२ साली इटलीतील मोदेना येथून आलेला प्रयोग याच्या उलट दिशेने बोलत होता. तेथे सत्तर रोग्यांपैकी चौतीस जणांना गुठळी होण्याआधीच हेपारिनच्या जातीचे एनॉक्सापारिन हे इंजेक्शन जवळजवळ वर्षभर रोज देण्यात आले. त्यांच्यापैकी एकाच्याही पोर्टल नीलेत त्या मुदतीत गुठळी झाली नाही. औषधाविना ठेवलेल्या छत्तीसांपैकी सहाजणांना झाली. शिवाय औषध घेणाऱ्यांचे यकृतही अधिक काळ टिकून राहिले. प्रयोग लहान होता आणि कोणाला काय दिले हे सर्वांस ठाऊक होते, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर प्रत्येक रोग्यास इंजेक्शने सुरू करण्याची शिफारस झाली नाही, आणि हा संयम योग्यच होता.

गुठळी झाल्यावर काय करावे याविषयी मात्र आता बरीच एकवाक्यता आहे. इटलीतील बावेनो या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तज्ज्ञांच्या सातव्या परिषदेने २०२१ साली ठरविलेली दिशा अशी: पोर्टल नीलेचा निम्म्याहून अधिक भाग नुकताच अडला असेल, गुठळीमुळे त्रास होत असेल, किंवा रोगी यकृतारोपणाच्या यादीत असेल, तर रक्त गोठू न देणारे औषध द्यावे. आरोपणाच्या रोग्याचा येथे विशेष विचार केला जातो, कारण नवे यकृत जोडावयाचे ते याच शिरेला. ती बुजलेली असेल तर शस्त्रवैद्याचे काम कमालीचे बिकट होते. औषधाची निवडही सोपी नाही. वॉर्फरिनची मात्रा आय. एन. आर. पाहून ठरवितात, पण ज्याचा आकडा आधीच वाढलेला आहे त्याच्यात औषधाचा परिणाम कोणता आणि रोगाचा कोणता, हे कसे ओळखावे? हेपारिनच्या जातीच्या इंजेक्शनांस ही अडचण नाही, पण मूत्रपिंड बिघडले असेल तर ती अंगात साचतात आणि रोज टोचून घेणे कंटाळवाणे असते. अलीकडच्या तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या ‘अ’ वर्गाच्या रोग्यांत बऱ्याच निर्धोक मानल्या जातात, ‘ब’ वर्गात जपून वापरतात आणि ‘क’ वर्गात देऊ नयेत असे परिषद सांगते. त्याआधी दुर्बिणीने अन्ननलिका पाहून फुगलेल्या शिरांचा बंदोबस्त करावा लागतो, मग तो प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलसारख्या औषधाने असो की शिरांवर रबरी कडी चढवून असो. बांध पक्का केल्याशिवाय पाटाचे तोंड मोकळे करावयाचे नाही, हे शेतकरी जाणतोच.

२०२३ साली पाच अभ्यासांतील ५०० रोग्यांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. पोर्टल नीलेतील गुठळीवर असे औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे शेकडा चाळीसने कमी आढळले. फुगलेल्या शिरांतून होणारा रक्तस्राव औषधाने वाढला नव्हता. इतर ठिकाणचा रक्तस्राव मात्र काहीसा वाढला होता. ज्या भयापोटी इतकी वर्षे औषध नाकारले गेले, ते भय निराधार नव्हते, पण त्याचे ठिकाण वेगळे होते.

जुन्या समजुतीचा एक अवशेष अजूनही रुग्णालयांत आढळतो. पोटातील पाणी काढण्याआधी किंवा लहानशी शस्त्रक्रिया करण्याआधी आय. एन. आर.चा आकडा वाढलेला दिसला, की तो ‘सुधारण्यासाठी’ नातेवाइकांना रक्तपेढीकडे पिटाळून गोठविलेल्या प्लाझ्माच्या पिशव्या आणविल्या जातात. आकडा थोडासा खाली येतो. पण प्लाझ्माने शरीरातील द्रव वाढतो, तुंबलेल्या पोर्टल नीलेतील दाब आणखी चढतो आणि ज्या रक्तस्रावाला टाळावयाचे त्यालाच निमंत्रण मिळते. बावेनोच्या परिषदेने ही प्रथा सोडावी असे स्पष्टपणे म्हटले आहे. चिकोडीहून मिरजेस किंवा बेळगावास गेलेल्या रोग्याच्या मुलाने रात्री रक्तपेढीचे दार ठोठावण्याआधी डॉक्टरांना हा एक प्रश्न नम्रपणे विचारण्यास हरकत नाही. दुसरा प्रश्न सोनोग्राफीचा. सिरॉसिसच्या रोग्यास यकृताच्या कर्करोगाच्या शोधासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागतेच. त्याच वेळी पोर्टल नीला वाहती आहे की नाही आणि रक्त कोणत्या वेगाने वाहते, हे पाहून कागदावर लिहून देण्यास काही मिनिटेच अधिक लागतात.